जळगावच्या पाइपातून शाकुहाची: बनवावी कशी, फुंकावी कशी, ऐकावी कशी

शाकुहाची म्हणजे जपानची बांबूची उभी बासरी. तिचं जुनं संगीत पहिल्यांदा कानावर पडलं की आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, यात गाणं कुठं आहे? ठेका नाही, मुखडा नाही, फिरून येणारी ओळ नाही. एक सूर उठतो, श्वासाच्या सळसळीसकट भरत जातो, बारीक होतो आणि विरतो. मग शांतता. मग दुसरा सूर. पाच-सात मिनिटं असं बसून ऐकलं की आपलाही श्वास त्या सुराएवढा लांबलेला असतो, आणि तो कधी लांबला ते कळलेलंही नसतं.

ही ओढ कशात आहे ते नुसतं ऐकून अर्धंच उमगतं. उरलेलं अर्धं फुंकताना कळतं, कारण या वाद्यात सूर आणि श्वास वेगळे काढताच येत नाहीत. म्हणून आधी वाद्य बनवायचं, मग एक सूर काढायचा, आणि मग ऐकायला बसायचं, असा क्रम इथे ठेवला आहे. अस्सल जपानी शाकुहाची महाग असते आणि नवशिक्याला तिची गरजही नसते. जळगाव-धुळे पट्ट्यात पाइपाचं दुकान नाही असा तालुका सापडायचा नाही. पाऊण इंची पाइपाचा दोन फुटी तुकडा, दोन कानशी, हॅक्सॉ, ड्रिल आणि एक मोकळी दुपार एवढ्यात सरावाची शाकुहाची होते.

माप आणि पाइप

वाद्याचं नाव हेच त्याचं माप आहे. ‘शाकू’ ही जपानची जुनी लांबी, ३०.३ सेंटीमीटरची. तिचा दहावा भाग म्हणजे ‘सून’. ‘हाची’ म्हणजे आठ. एक शाकू आठ सून, म्हणजे साडेचोपन्न सेंटीमीटर. याहून लांब आणि खर्जाच्या शाकुहाच्याही असतात, पण शिकायला हीच. सगळी भोकं झाकून फुंकली की हिचा खालचा सूर पेटीच्या पांढरी दोनला लागतो.

दुकानात ‘पाऊण इंची पीव्हीसी, शेड्यूल ४०’ असं मागा. त्याचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर आणि आतला साधारण २१ मिलिमीटर असतो, आणि सगळी मापं या आतल्या व्यासावर बेतलेली आहेत. शेतातली ठिबकची काळी नळी चालत नाही, ती मऊ असते आणि तिला धार धरत नाही. वायरिंगचा पाइप भिंतीला फार पातळ. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी पाइप त्याच नंबरात आतून अरुंद निघतो, त्यावर खाली दिलेली मापं जुळणार नाहीत.

पाइप ५४.५ सेंटीमीटरला अगदी काटकोनात कापा. एक कागद पाइपाभोवती कडेला कड जुळवून गुंडाळला की सरळ खूण मिळते, तिच्यावरून हॅक्सॉ चालवा. पहिल्या दिवशी सूर जरा वर किंवा खाली लागला म्हणून पाइप आणखी कापू नका. नवशिक्याच्या ओठांवर अर्धा-पाऊण स्वर सहज हलतो. दोष पाइपाचा की फुंकीचा, हे दोन आठवड्यांनी ठरवायचं.

तोंडाची धार

वाद्याचा सगळा जीव या एका कापात आहे, त्यामुळे इथे घाई नको. आपल्या आडव्या बासरीला फुंकायचं भोक असतं आणि एक टोक बंद असतं. शाकुहाचीला दोन्ही टोकं उघडी, आणि वरच्या काठाला बाहेरून एक तिरका काप. त्या कापाची धार हवेची पट्टी चिरते आणि सूर जन्मतो.

वरच्या टोकाला बाहेरच्या भिंतीवर, काठापासून ९ मिलिमीटर खाली पेन्सिलीने एक खूण करा. आता पाइपाच्या तोंडाकडे वरून पाहा आणि त्याच बाजूच्या बाहेरच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत एक आडवी सरळ रेघ आखा. भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असल्याने ही रेघ भिंत ओलांडून पोकळीत दोन मिलिमीटर शिरलेली दिसेल. खालची खूण आणि वरची रेघ यांना जोडणारा सपाट उतार सपाट कानशीने घासून काढायचा. उतार पाइपाच्या लांबीशी साधारण ३० अंशांचा होतो. काम नीट झालं तर आतल्या भिंतीवर एक उथळ कमान उमटते, सुमारे १२ मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटरला जरा कमी खोल. हीच धार.

कानस नेहमी बाहेरून आत, धारेच्या दिशेने ढकला. उलट ओढली की धारेचा कण तुटतो. शेवटचे चार-पाच हात बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट पट्टीवर गुंडाळून मारा. पेपर नुसत्या बोटाने घासला तर उतार गोलसर होतो, आणि गोलसर धारेवर सुराऐवजी फसफसाट येतो. आतल्या बाजूला कानस अजिबात लावायची नाही. धारेला राहिलेलं प्लॅस्टिकचं केसासारखं कुसळ नखाने काढा. एवढ्याशा कुसळाने सूर घोगरा झाल्याचं पुष्कळदा दिसतं, आणि माणूस मात्र आठवडाभर ओठांना दोष देत बसतो. धारेच्या समोरचा काठ हनुवटीवर टेकतो, तो अर्धगोल कानशीने गोल आणि गुळगुळीत करा.

भोकं

भोकं पाच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्याचं. धारेच्या मधोमधून खालपर्यंत सरळ रेघ हवी. पाइप दाराच्या चौकटीच्या खाचेत धरला की चौकटीच्या कडेने ती आपसूक सरळ येते. अंतरं खालच्या टोकापासून, भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची: पहिलं १२ सेंटीमीटरवर, दुसरं १७.१, तिसरं २२, चौथं २८. मागचं भोक ३१.२ सेंटीमीटरवर, बरोबर उलट्या बाजूला.

आधी तीन मिलिमीटरच्या बिटने छिद्र पाडा, मग आठच्या बिटने मोठं करा. थेट आठचं बिट लावलं तर ते गोल पाइपावरून घसरतं. आता थांबा. पक्कं माप तिसऱ्या भोकाला साडेआठ आणि बाकीच्यांना दहा मिलिमीटर आहे, पण तिथपर्यंत फुंक स्थिर झाल्यावरच जायचं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. सूर खाली लागत असेल तर भोकाची तोंडाकडची कड घासा, तो चढतो. घासणं जास्त झालं तर त्याच कडेला आतून थोडं मेण चिकटवा, तो उतरतो.

बासरीवाले बांबूला तापलेल्या सळईने भोकं पाडतात. इथे ती रीत वापरू नका. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडची वाफ निघते आणि ती घसा व फुप्फुसं भाजते. कानस मारताना नाकाला रुमाल बांधा, आणि शेवटी पाइप आतून-बाहेरून साबणाने धुवा.

पहिला सूर

आधी डोक्यावरचा पंखा बंद करा. खान्देशात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याचा किंवा कूलरचा झोत ओठ आणि धार यांच्यामधली हवेची बारीक पट्टी मोडून टाकतो, आणि सूर लागूनही ऐकू येत नाही. पहाटे पाच-साडेपाचला बसा.

पाठ सरळ ठेवून बसा. पाइपाचा गुळगुळीत काठ खालच्या ओठाखाली हनुवटीच्या खळीत टेकवा, धार समोर, पाइप खाली उतरता. पाइपाचं तोंड खालच्या ओठाने आणि हनुवटीने बहुतेक झाकलं जातं, फक्त धारेजवळ फट उरते. ओठ हसल्यासारखे हलके ताणा आणि मधोमध चपट्या तिळाएवढी फट ठेवा. ओठाला चिकटलेलं भाताचं शीत उडवताना आपण जसं फुंकतो, तितकीच बारीक फुंक. ती धारेवर आपटून निम्मी पाइपात आणि निम्मी बाहेर गेली पाहिजे. सुरुवातीला एकही भोक झाकू नका.

सूर न येता नुसता वारा येत असेल तर फुंक जोरात मारू नका, दिशा बदला. फुंकत असतानाच मान अगदी सावकाश वर-खाली करा. कुठंतरी एका जागी क्षणभर सूर चमकून जाईल. ती जागा पुन्हा शोधा, पुन्हा हरवा, पुन्हा शोधा. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच. फार वरचा, शीळ मारल्यासारखा सूर येत असेल तर ओठ फार आवळलेत. सूर येतो पण घोगरा असेल तर ओठांची फट रुंद झाली आहे. उन्हाळ्यात ओठ भेगाळले की पट्टी फाटते. रात्री ओठांना तूप लावून झोपा, वाजवण्याआधी मात्र पुसून टाका.

चक्कर येईल, बहुतेकांना येते. भराभर श्वास सोडल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून डोकं हलकं होतं. चक्कर आली की वाद्य खाली ठेवा आणि नेहमीसारखा श्वास घेत दोन मिनिटं बसा. पहिले दहा दिवस एका बैठकीला दहा मिनिटांपेक्षा जास्त फुंकू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मोकळा सूर चार-पाच सेकंद टिकायला लागला की मागचं भोक झाका, मग वरून खाली एकेक. बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा गुबगुबीत भाग आडवा ठेवा. तळाच्या दोन भोकांशी सूर तुटला तर ओठांआधी बोटं तपासा. केसाएवढी फट राहिली तरी खालचा सूर लागत नाही.

सगळी भोकं झाकली की येतो तो ‘रो’. त्याला सा माना. खालून एकेक भोक क्रमाने उघडत गेलात की कोमल ग, म, प, कोमल नि मिळतात, आणि मागचं उघडलं की वरचा सा. किंको या घराण्यात या पाच सुरांची नावं रो, त्सू, रे, ची, री अशी आहेत. त्यातला रे म्हणजे आपला ऋषभ नव्हे, मध्यम आहे. वही लिहिताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं. ज्यांचा कान शास्त्रीय संगीताला सरावला आहे त्यांनी ओळखलं असेल: सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे धानी रागाचे सूर झाले.

‘रो’ची बैठक

आता मन लावून करायचं काम. रोज सकाळी दहा मिनिटं फक्त ‘रो’ फुंकायचा. दुसरा सूर नाही, बोटांची हालचाल नाही. जपानमध्ये हाच पहिला धडा आणि मुरलेल्या वादकांचा रोजचा रियाजही हाच. त्याला ‘रोबुकी’ म्हणतात.

नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट आणि खालच्या बरगड्या फुगू द्या, खांदे उचलू नका. सूर ऐकू येईल न येईल इतका हळू सुरू करा, मधे भरू द्या, आणि शेवटी निमुळता करत न्या. याला ‘सासाबुकी’ म्हणतात, म्हणजे बांबूच्या पानाच्या आकाराची फुंक. ज्वारीचं पान डोळ्यांपुढे आणलंत तरी चालेल: देठाशी अरुंद, मधे रुंद, आणि टोक असं की ते नेमकं कुठं संपलं ते सांगता येत नाही. सुरुवातीला आठ सेकंद पुरेत, महिन्याभरात पंधरापर्यंत या. सेकंद वाढवण्याच्या नादात शेवट तोडू नका. आठ सेकंदांचा पण नीट विरलेला सूर वीस सेकंदांच्या तुटक्या सुरापेक्षा मोलाचा.

सूर संपला की लगेच पुढचा श्वास ओढू नका. खोलीतला सूर पुरता विरेपर्यंत थांबा. या मोकळ्या जागेला जपानी लोक ‘मा’ म्हणतात, आणि ती सुराइतकीच वाजवायची असते. आपल्या मैफलीत तानपुरा मागे भरून असतो, गायक थांबला तरी षड्ज थांबत नाही. शाकुहाचीच्या जुन्या संगीतामागे तानपुरा नाही. सूर शांततेतून येतो आणि तिच्यातच जातो, म्हणून त्याचं जाणं इतकं लागतं. पोटात कालवतं ते सूर चढताना नाही, तो विरताना.

त्यात श्वासाचा वाटा मोठा आहे. फुंकणारा बारा-पंधरा सेकंद श्वास सोडतो, दोन-तीन सेकंदांत घेतो. मिनिटाला तीन-चारच श्वास होतात. लांबलेल्या उच्छ्वासाने नाडी मंदावते आणि अंग सैल पडतं. ऐकणाऱ्याचाही श्वास नकळत त्याच चालीला लागतो. प्राणायाम करणाऱ्यांना ही स्थिती ओळखीची आहे. फरक एवढाच की इथे श्वास कानांनी ऐकू येतो, आणि तो डळमळला की लगेच पकडला जातो.

मान झुकवणं

भोकं पाच असली तरी सूर पाच नाहीत. हनुवटी खाली झुकवून ओठ धारेजवळ नेला की सूर उतरतो, हे ‘मेरी’. हनुवटी उचलली की चढतो, हे ‘कारी’. झुकवण्याला भोक अर्धं झाकण्याची जोड दिली की कोमल रे आणि कोमल धसुद्धा निघतात. जुन्या रचनांचा मोठा भाग सा, कोमल रे, म, प, कोमल ध या वळणाचा आहे, म्हणजे आपल्या गुणकलीच्या सुरांचा. सकाळच्या त्या रागाचं गांभीर्य ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे संगीत परकं का वाटत नाही, याचं एक कारण हे.

मेरीचा सूर नुसता उतरत नाही, त्याचा रंगही बदलतो. धारेजवळचा मार्ग अरुंद होतो, आवाज मंद आणि झाकोळलेला येतो, पडद्याआडून कुणी बोलावं तसा. शेजारचा उघडा सूर मात्र भरीव. उजेड-सावलीचा हा खेळ एकाच श्वासात चालतो. नवशिक्याची चूक अशी की तो मेरीचा सूर मोठा करायला जास्त फुंकतो आणि सूर पुन्हा चढून बसतो. फुंक उलट कमी करायची, मंद सूर मंदच राहू द्यायचा. जपानीत म्हण आहे की मान हलवायला तीन वर्षं लागतात. ती भीती घालण्यासाठी नाही, मानेचं काम किती नाजूक आहे ते सांगण्यासाठी आहे.

तोच सूर दोनदा हवा असेल तर जीभ लावायची नाही. वरचं एखादं भोक बोटाने पटकन उघडून झाकायचं, सुराला टिचकी बसते. आणि ‘मुराइकी’ म्हणजे मुद्दाम वाऱ्यासकट सोडलेली जोरकस फुंक, बांबूच्या बेटातून वादळ गेल्यासारखी. ती शिकायची घाई करू नका. शांत रो येण्याआधी मुराइकी केली की पुढे प्रत्येक सुरात वारा राहतो.

भिक्षेची झोळी आणि रिकामी घंटा

शाकुहाचीचा पूर्वज चीनमधून जपानला गेला. आठव्या शतकातली सहा भोकांची वाद्यं नारा इथल्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलेली आहेत. आज आपण जिला आध्यात्मिक म्हणतो ती शाकुहाची मात्र एदो काळातली, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली, झेन बौद्धांच्या फुके पंथाच्या ‘कोमुसो’ भिक्षूंची. कोमुसो म्हणजे शून्याचे भिक्षू. डोक्यावर चेहरा पूर्ण झाकणारी विणलेली टोपली घालून ते दारोदार वाजवत आणि भिक्षा मागत. यांतले पुष्कळ जण धनी गमावलेले सामुराई होते. आपल्याकडे पहाटे मोरपिसांचा टोप घालून वासुदेव दारात येतो, तो तोंडाने हरिनाम सांगतो. कोमुसो काही सांगत नसे. चेहरा लपवण्यामागे मी-पण झाकायचा हेतू होता. घरधन्याला फक्त श्वास ऐकू यायचा.

त्यांच्यासाठी हे वाद्य करमणुकीचं नव्हतं. ते ध्यानाचं साधन होतं, आणि फुंकण्याला ‘सुइझेन’ म्हणजे फुंकण्याचं ध्यान असं नाव होतं. ‘इचिऑन जोबुत्सू’ हे त्यांचं सूत्र: एका सुरात बुद्धत्व. १८७१ मध्ये मेइजी सरकारने फुके पंथ बंद केला आणि वाद्य सर्वसामान्यांच्या हाती आलं. रचना वाचल्या त्या घराण्यांमुळे. अठराव्या शतकात किंको कुरोसावा यांनी मठामठांतून रचना गोळा करून छत्तीसांचा संग्रह बांधला, त्यांच्या नावाने किंको घराणं चालतं. दुसरं मोठं घराणं तोझान, ते १८९६चं. या जुन्या एकल रचनांना ‘होनक्योकू’ म्हणतात.

त्यांतल्या ‘क्योरेइ’ या अतिप्राचीन मानलेल्या रचनेच्या नावाचा अर्थ आहे रिकामी घंटा. फुके नावाचा चिनी साधू हातघंटा वाजवत फिरायचा, आणि तिचा नाद एका भक्ताने बांबूत उतरवला, अशी पंथाची कथा. इतिहासकार तिला नंतर रचलेली दंतकथा मानतात. पण ऐकण्याची गुरुकिल्ली तिच्यात आहे. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला गेलात तर तिथली भली मोठी घंटा वाजल्यावर लगेच पुढे सरकू नका. टोल पडल्यावर नाद कमी कमी होत जातो, त्याच्या मागे कान न्या, आणि नाद संपला असं वाटल्यावरही आणखी चार क्षण थांबा. होनक्योकूतला प्रत्येक सूर असाच ऐकायचा असतो.

ऐकायला बसताना

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात श्वासाची सळसळ आणि मेरीचे मंद सूर दोन्ही गळून जातात. साधे इअरफोन चालतील. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर गाद्या पडल्या आणि वस्ती निजली की, किंवा पहाटे उजाडण्याआधी, एकच रचना लावा आणि एकदाच. एकामागून एक लावत गेलं की शांततेची जागा भरून जाते.

पहिल्यांदा ऐकायला ‘त्सुरू नो सुगोमोरी’ घ्या, घरट्यातल्या करकोच्यांची रचना. पिल्लांना वाढवणारी करकोच्यांची जोडी आणि पंखांची फडफड सुराच्या कंपनांतून ऐकू येते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोरो यामागुची यांनी वाजवलेली ही रचना आहे, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोन्ही लागोपाठच्या दिवशी ऐकून पाहा. त्यानंतर ‘शिका नो तोने’, दूरवरून एकमेकांना साद घालणाऱ्या हरणांची, दोन शाकुहाच्यांची. ‘क्योरेइ’ सगळ्यात शेवटी. ती बाहेरून अगदी साधी आहे, आणि कान तयार नसेल तर हातातून निसटते.

आपल्याकडच्या आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य घुमतं, ते नाचणाऱ्यांची पावलं एकत्र बांधण्यासाठी. होनक्योकू त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, ती एकट्याची. तेव्हा चार जणांना गोळा करून ‘ऐका, काय भारी आहे’ असं करू नका. ज्याला द्यायची त्याला एकट्याला द्या.

बांबूकडे जाताना, आणि आपला उन्हाळा

वर्षभर पाइपावर रियाज झाला की बांबूचा मोह होणारच. जपानी शाकुहाची मादाके नावाच्या बांबूच्या मुळाकडच्या भागाची असते, म्हणून तिचं खालचं टोक जाड आणि गाठाळ दिसतं. सातपुड्यातला मानवेल बहुधा भरीव किंवा फार अरुंद पोकळीचा निघतो, तो काठीला उत्तम, शाकुहाचीला नाही. बुरुडाकडे जाऊन आतून १८ ते २० मिलिमीटर पोकळ, तीन वर्षांहून जुना, थंडीत तोडलेला कळक मागा. थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असतं, त्यामुळे भुंगा कमी लागतो. जंगलात शिरून तोडू नका.

ओला बांबू निखाऱ्यावर फिरवत शेका, अंगावर तेल फुटेल ते फडक्याने पुसून घ्या, काही आठवडे उन्हात आणि मग निदान वर्षभर सावलीत वाळवा. आतल्या गाठी फोडून कानशीने साफ करा. भोकांची अंतरं पाइपाचीच धरून सुरू करा, पण बारीक भोकांपासून; प्रत्येक बांबूची पोकळी वेगळी असते. आतून कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, ते वाळतं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं.

खान्देशात बांबूचा खरा शत्रू एप्रिल-मे. भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळिशीत असताना हवा इतकी कोरडी असते की बांबू बाहेरून आकसतो, आणि फुंकीने आतून ओला राहतो. या ताणाने तो लांबीत तडकतो. वाजवून झालं की आतून फडकं ओढून पुसा आणि वाद्य प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. गाडीत, गच्चीवर, कूलरसमोर ठेवू नका. उष्णतेने सूरही चढतो. हवा २५ अंशांवरून ४३ वर गेली तर आवाजाचा वेग तीन टक्क्यांनी वाढतो, सूर पाव स्वरापर्यंत सरकू शकतो. तेव्हा मेमध्ये पेटीशी जुळत नाही म्हणून भोकं घासायला बसू नका.

तडा गेलाच तर त्यात फेव्हिक्विक उतरवा आणि वाळल्यावर त्या जागी दोरा बांधा. मोच्याकडचा मेण लावलेला दोरा घ्या. त्याचा एक लांब फास तड्याच्या बाजूने, बांबूच्या लांबीच्या दिशेने ठेवून त्यावरून दहा-बारा वेढे एकमेकांना चिकटून, शक्य तितके घट्ट मारा. उरलेलं टोक फासात ओवा आणि फासाचं दुसरं टोक ओढून ते वेढ्यांखाली न्या, बाहेर राहिलेलं कापून टाका. तड्याच्या दोन्ही टोकांना असा एकेक बंध हवा, तडा लांब असेल तर मधे तिसरा. मग पाचही भोकं झाका, खालचं टोक गुडघ्याला दाबून बंद करा आणि तोंड ओठांत धरून आतली हवा ओढा. वाद्य ओठांना चिकटून राहिलं तर गळती थांबली. नाही चिकटलं तर साबणाचं पाणी लावून वरून फुंका. जिथे बुडबुडा येईल तिथे आणखी एक थेंब आणि आणखी एक बंध.